परत जा, परत या

आमच्या चाळीत दूध घालायला येणारी म्हातारी रोज दोनदा आत यायची. एकदा आपल्या मनानं आणि एकदा गुंडेरावांच्या. चरवी घेऊन ती त्यांच्या पडवीत शिरली की गुंडेराव टेबलावरून मान न उचलता म्हणायचे, "परत जा, परत या." मग ती बिचारी पायरी उतरायची, दाराची कडी वाजवायची, "येऊ का जी?" म्हणून विचारायची, आणि आतून "या" आलं की वर चढायची. एकदा वैतागून तिनं विचारलं, "सायेब, म्हशीलाबी आसंच शिकवू का?" गुंडेराव म्हणाले, "आधी तुम्ही शिका. म्हैस तुमच्याआधी शिकेल."

मला विचाराल तर या माणसाचा मला लई राग यायचा. बाळीवेशीजवळच्या त्या चाळीत त्यांची खोली आणि आमची खोली भिंतीला भिंत लागून. सकाळी डोळा उघडतो न उघडतो तोच पलीकडून "परत जा, परत या" सुरू. आधीच सोलापूरचा उन्हाळा, त्यात हा शेजार. कचेरीत जन्मभर हेडक्लार्क होते. पेन्शन झाल्यावर गुंडेराव कचेरीतून निघाले, पण कचेरी काही त्यांच्यातून निघाली नाही. रोज दहाच्या ठोक्याला काळा कोट आणि पगडी चढवून पडवीतल्या टेबलामागं बसायचे, आणि गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला की कोट काढायचे. बायको जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरात रागवायला कुणी नाही, म्हणून सगळ्या पेठेवर रागवायचे.

तिथं बसून करायचे काय, तर नोकरीच्या उमेदवारांना साहेबापुढं कसं जायचं ते शिकवायचे. अगदी फुकट. तेव्हा इंग्रजाचं राज्य होतं आणि गिरण्यांत माणसं कमी करायचे दिवस चालले होते. कुठं एक जागा निघाली की अर्जांचा ढीग पडायचा. मग पोरं गुंडेरावांकडं यायची, कारण साहेबलोकांच्या पद्धती त्यांच्याइतक्या कुणालाच ठाऊक नव्हत्या. दार एकदाच वाजवायचं. दोनदा वाजवतो तो तारवाला. टेबलापासून तीन पावलांवर थांबायचं. साहेबाच्या डोळ्यांत बघायचं नाही, जमिनीकडंही बघायचं नाही, कोटाच्या दुसऱ्या गुंडीकडं बघायचं. टेबलावरचे कागद उलटे वाचायचे नाहीत. आणि मध्येच शिंक आली तर? "शिंक घरी देऊन यायची," गुंडेराव म्हणायचे.

पण खरा छळ होता तो खुर्चीचा. टेबलासमोर एक वेताची खुर्ची होती, जुनी, खिळखिळी. नुसतं बोट लावलं तरी कुरकुरायची. उमेदवारानं तिच्यावर असं बसायचं की आवाज येता कामा नये. आला की गुंडेराव टेबलावर थाप मारून ओरडायचे, "खुर्ची बोलली! कँडिडेट संपला! परत जा, परत या!" चांगल्या मॅट्रिक झालेल्या पोरांना ते वीस-वीस वेळा उठवायचे आणि बसवायचे. शाळेत उठाबशा काढल्या नसतील तेवढ्या त्यांनी इथं काढल्या.

नरसय्याचं काय झालं ते ऐका. विणकराचा मुलगा, घरी तेलुगू, बाहेर मराठी, इंग्रजीही फर्डं. एका कापसाच्या कंपनीत कारकुनाची जागा होती. गुंडेरावांनी त्याला महिनाभर घोटला. साहेबानं "बसा" म्हटलं, आणि नरसय्या बसलाच नाही! खुर्ची बोलू नये म्हणून तिच्या दोन बोटं वर तसाच अधांतरी राहिला. थोड्या वेळानं मांड्या थरथरायला लागल्या, कपाळावरून घाम गळायला लागला. साहेबानं शेजारच्या बाबूला हळूच विचारलं, "याला मूळव्याध आहे का?" जागा गेली. पोरगं रडकुंडीला येऊन गुंडेरावांपुढं उभं राहिलं, तर या माणसानं काय विचारावं? "पण खुर्ची बोलली नाही ना?"

मी भिंतीपलीकडून ऐकत होते. राहवेना, तशीच पिठाच्या हातानं बाहेर आले. "अहो काका, त्याची नोकरी गेली की!"

"नोकरी दुसरी मिळेल, गिरजाबाई. रीत गेली की गेली."

"रीत काय भाकरीबरोबर खायची?"

"परत जा," गुंडेराव म्हणाले, "आणि हात धुऊन परत या."

असा हा माणूस. आणि वर्षाच्या आत मीच त्या खुर्चीवर जाऊन बसले. आपलं घोडं अडलं की काय करता?

आमचे मालक गिरणीत हजेरी लिहायला होते. कापसाच्या धुळीनं छाती धरली. खोकला लागला तो हटेचना, आणि गिरणीनं त्यांना घरी बसवलं. मी लग्नाआधी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी पास झालेली. ते सर्टिफिकेट पेटीच्या तळाशी, लुगड्यांखाली. पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत मास्तरीणबाईची एक जागा निघाली. ती मिळाली तर ह्यांचं औषध चालू राहणार होतं. नाही मिळाली तर चंबूगबाळं उचलून ह्यांच्या गावी जायचं आणि भावकीच्या दारात हात पसरायचा. तिथं ना डॉक्टर ना दवाखाना. मला दुसरी वाटच नव्हती.

गुंडेरावांनी जन्मात बाईमाणसाला मुलाखतीचं शिकवलं नव्हतं. पहिल्या दिवशी माझ्याकडं बघून म्हणाले, "पगडीचं काय करायचं?"

"मला पगडी नाही, काका. पदर आहे."

"मग पदर दोन्ही खांद्यांवर. आणि बांगड्या वाजतायत."

"वाजणारच की."

"शाळेच्या समितीपुढं वाजता कामा नयेत. काढून ठेवा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काढून ठेवू? नवरा जिता आहे माझा! जीभ आवरा की जरा!"

गुंडेराव दचकले. खाली बघून "चुकलं" म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मग खोलीत जाऊन दोऱ्याचं रीळ घेऊन आले, आणि बांगड्या एकमेकींना दोऱ्यानं बांधून टाकायचा तोडगा त्यांनी काढला. पंधरा दिवस मी पोळ्या लाटून झाल्या की ती कडी वाजवत होते, तीन पावलं मोजत होते आणि त्या मेल्या खुर्चीवर श्वास धरून बसत होते. जाता-येता चाळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

मुलाखतीच्या दिवशी सगळं कसं रीतीनं झालं. समोर तिघं. मधले अध्यक्ष, गावातले नावाजलेले वकील. डावीकडं एक व्यापारी, उजवीकडं एक पान खाणारे गृहस्थ. दार एकदाच वाजवलं. बांगड्या गप्प, खुर्ची गप्प. त्रैराशिक सोडवलं. एक श्लोक म्हणून दाखवला, अर्थ सांगितला. अध्यक्षांनी दोनदा मान डोलावली. जागा आता मिळालीच, असं मला वाटलं. मग ते सहज म्हणाले, "बरं बाई, आपल्या सोलापूरच्या ग्रामदैवताचं नाव सांगा."

आता इथं मला थांबून सांगायला पाहिजे. आमच्या मालकांचं नाव म्हणजे त्या देवाचंच नाव. सोलापुरात दर गल्लीला त्या नावाचे चार तरी निघतील. आणि आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं आई सांगायची, सासू सांगायची. मी शिकलेली, मी असल्या गोष्टींना हसायची. पण घरात अंथरुणावर खोकणारा नवरा असला की हसू येत नाही, बघा. लग्न झाल्या दिवसापासून मी त्या देवाला कधी नावानं हाक मारलेली नव्हती.

"तळ्यातला देव," मी म्हणाले.

"हो, पण नाव?"

"संक्रांतीला ज्याची जत्रा भरते तो."

"नाव सांगा बाई, नाव!"

"सगळ्या गावाला ठाऊक असलेला."

"तुम्ही सोलापूरच्याच ना?" व्यापारी म्हणाले. "गावच्या देवाचं नाव येत नाही, आणि पोरींना काय शिकवणार?"

अध्यक्षांनी माझा अर्ज वर धरला. पतीचं नाव वाचलं. शेजाऱ्याला दाखवलं. आणि तिघंही खो खो हसायला लागले. मला वाटलं, चला, कळलं यांना. हसतील आणि सोडून देतील. तर ते पानवाले डोळे पुसत म्हणतात, "मग उखाण्यात घ्या की बाई! आम्हीपण ऐकतो."

उखाण्यात! परक्या तीन पुरुषांपुढं! मी काय तिथं हळदीकुंकवाला गेले होते? अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी उठले. अशी उठले की खुर्ची बोलली नाही, किंचाळली. नमस्कारही न करता बाहेर पडले आणि घरापर्यंत कुठं थांबले नाही.

पडवीत गुंडेराव वाट बघत बसलेले. "खुर्ची बोलली का?"

"खुर्ची बोलली! मीच बोलले नाही!" मी दोरा तोडून बांगड्या मोकळ्या केल्या आणि तो दोरा त्यांच्या टेबलावर फेकला. "कसं शिंकायचं ते शिकवलंत, कुठल्या गुंडीकडं बघायचं ते शिकवलंत! बाईला नवऱ्याचं नाव विचारलं तर काय करायचं, ते का नाही शिकवलंत? पंधरा दिवस चाळीत हसं करून घेतलं मी, कशासाठी? आग लागो तुमच्या त्या रीतीला!"

चाळ सगळी दारात आली होती. येऊ दे, म्हटलं. घडलं ते सगळं सांगून टाकलं.

गुंडेराव ऐकत राहिले. मग उभे राहिले. "उमेदवारासमोर हसले?"

"हसले."

"तिघंही?"

"व्हय, तिघंही!"

त्यांची पगडी थरथरायला लागली. "विचारणाऱ्यालाही रीत असते," ते म्हणाले, आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढं ओढला.

त्या अर्जासारखा अर्ज मी पुन्हा बघितला नाही. सात कलमं होती. तिसऱ्यात लिहिलं होतं, 'विवाहित स्त्रीस परपुरुषांनी पतीचे नाव उच्चारावयास लावणे व त्यावर हसणे, हे कोणत्या रीतीत बसते याचा लेखी खुलासा व्हावा.' पाचव्यात, 'उमेदवारास उत्तर ठाऊक होते. समितीस प्रश्न ठाऊक नव्हता.' आणि सातव्यात, 'हसतेवेळी एका सन्माननीय सभासदांच्या मुखात पान होते, याची नोंद घ्यावी.' खाली सही, त्याखाली आपला जुना हुद्दा, आणि तीन नकला. एक समितीला, एक शाळेला आणि एक त्या दोन्ही हरवल्यास ठेवायला.

कशाला बोलावतील, मला वाटलं. पण चौथ्या दिवशी चिठ्ठी आली. गुरुवारी पुन्हा या. झाल्या प्रकाराबद्दल समिती दिलगीर आहे. मात्र प्रश्न तोच राहील, कारण मुलींना गावच्या देवाचं नाव शिकवणं हे बाईंचं कामच आहे. ते काही खोटं नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला.

"म्हणा," गुंडेराव म्हणाले.

"नाही म्हणणार."

"परत जा, परत या."

गेले, आले. तोंड काही उघडेना. पाच वेळा गेले, पाच वेळा आले. शेवटी भिंतीपलीकडून आमचे मालकच ओरडले, "आगं घे की नाव! काय लावलंईस सकाळधरनं! ह्या खोकल्यानं मरंना मी, आन् तुझ्या नाव घेण्यानं मरतोय व्हय!" आणि एवढं बोलून त्यांना खोकल्याची जी उबळ आली, ती थांबता थांबेना. मी पळत आत गेले, पाठीवरून हात फिरवत बसले. नको ती नोकरी, असं त्याच वेळी ठरवून टाकलं. जाऊ गावाला. हात पसरू. पण ह्यांच्या आयुष्याशी खेळ नको.

गुरुवारी सकाळी औषधाची बाटली पेल्यावर पालथी केली. दोन थेंब पडले. हलवली, आणखी एक पडला. ह्यांनी तो निमूट घेतला आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. मी लुगडं बदललं आणि निघाले. बांगड्या बांधल्या नाहीत.

तेच तिघं. तीच खुर्ची. पानवाल्यांच्या तोंडात पान नव्हतं, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. "आज जमेल ना बाई?" ते म्हणाले.

"सिद्धेश्वर!" मी म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर. देऊळ तळ्यात आहे. संक्रांतीला जत्रा भरते. आणि माझ्या मालकांचं नाव पण सिद्धेश्वर. लिहून घ्या, पुन्हा सांगणार नाही. आणखी काही विचारायचं असेल तर विचारा, घरी माणूस आजारी आहे माझं."

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सोमवारपासून या," म्हणाले.

पण जागा मिळाल्याचा आनंद मला रस्त्याच्या टोकापर्यंतसुद्धा पुरला नाही. भर उन्हात मी पळत सुटले. काय करून बसले मी! तीनदा की दोनदा घेतलं नाव? वाटेत येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होते, कुणी काही सांगायला तर येत नाही ना. घरात शिरले तर हे भिंतीला टेकून बसलेले. कपाळाला हात लावला, छातीला लावला, डोळ्यांत बघितलं.

"घेतलंस न्हवं?" ते म्हणाले. "मग आता भाकर तरी टाक. लई भूक लागलीया."

मी चुलीपुढं बसून रडले. भाकरी टाकली, नोकरीच्या भरवशावर उधारीनं औषध आणलं. येताना पेढेही आणले. पण मनातला काटा काही निघाला नव्हता, आणि तो कुणावर तरी काढायचाच होता. भोंगा झाल्यावर पेढा घेऊन मी पलीकडं गेले. गुंडेरावांनी कोट काढला होता. कोट नसला की ते फार बारीक दिसायचे.

"घ्या. मिळाली जागा," मी म्हणाले. "पण ऐकून ठेवा काका, ह्यांना काही कमी-जास्त झालं तर मी तुम्हाला सोडणार नाही. तुमच्यापायी नाव घेतलंय मी."

"काही होत नसतं."

"तुम्हाला काय ठाऊक?"

मला वाटलं, आता उसळतील. ते पेढा हातात धरून तसेच बसले.

"आमच्या हिनं एकतीस वर्षांत एकदाही माझं नाव घेतलं नाही," ते म्हणाले. "मी चिडायचो, ओरडायचो. तुम्हाला ठाऊक आहे मी कसा ओरडतो ते. शेवटच्या दुखण्यात म्हटलं, आता तरी एकदा घे, मला ऐकायचंय. मान हलवली. म्हणाली, तुमचं आयुष्य वाढतंय, वाढू दे."

त्यांनी पेढा टेबलावर ठेवला.

"वाढलं की," गुंडेराव म्हणाले. "बघताय ना, किती वाढलंय ते. एकदा जरी घेतलं असतं, तरी एवढं उरलं नसतं."

माझा सगळा राग कुठं गेला कुणास ठाऊक. मी तिथंच पायरीवर बसले. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्या माउलीला कधी बघितलं नव्हतं. आम्ही राहायला आलो त्याच्या आधीच ती गेली होती. सगळ्या चाळीत तिचं नाव कुणी काढलेलं मला आठवत नव्हतं.

"नाव काय होतं काकूंचं?" मी विचारलं.

त्यांनी आधी इकडं तिकडं बघून घेतलं. बापयमाणसंही तेव्हा बायकोचं नाव चारचौघांत घेत नसत.

"यमुना," ते हळूच म्हणाले.

मग ते पुन्हा म्हणाले, "यमुना." या वेळी जरा मोठ्यानं, घरात हाक मारतात तसं. आतून ओ यायची नव्हती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी बराच वेळ ते आतल्या खोलीकडं बघत राहिले.